पान सत्त्याण्णव

"बघू गं, इकडे दे जरा. शिलाई सैल झालेली दिसतेय," बाइंडरकाकू म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

समोरच्या मुलीनं पुस्तक झटकन पाठीमागे लपवलं आणि ती भिंतीला टेकली. सहावीतल्या ह्या मुलीला अख्खी शाळा प्रश्नावली म्हणायची, कारण एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिला आणखी दोन सुचायचे. आज मात्र तिनं काही विचारलं नाही.

"आज नाही, काकू. आज मला हे वाचायचंय. स्टेजवर."

"वाच की. मी कुठं नको म्हणते? दोन टाके घालते आणि देते परत. पाच मिनिटांचं काम."

"तुम्हाला तर मुळीच द्यायचं नाही असं लायब्ररीच्या बाईंनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावून पळाली.

काकू व्हरांड्यात तशाच उभ्या राहिल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत सुया, दोरा, कात्री, खळीची डबी आणि सगळ्यात खाली रुमालात गुंडाळलेलं दुसरं एक पुस्तक. तुम्हाला मुळीच द्यायचं नाही. म्हणजे शाळेत कळलेलं होतं तर. सगळ्यांना कळलेलं होतं आणि वयाकडे बघून लोक तोंडावर बोलत नव्हते, एवढंच.

ही पुस्तकाची भानगड काय होती ते आधी सांगायला हवं.

काकूंच्या सासऱ्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. शाळा चार गल्ल्या पलीकडे, आणि शाळेची फाटकी पुस्तकं दर वर्षी तिथंच यायची. काकू लग्न होऊन आल्या आणि महिनाभरात शिवायला बसल्या, कारण त्यांचा हात नवऱ्याच्या हातापेक्षा सरळ होता. हे सासऱ्यांनीच सांगितलं, तेही मुलाच्या देखत. मुलानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि फिरतीची नोकरी धरली.

सासरे माणूस सरळ, शब्दाचा पक्का. पण त्यांचा एक दंडक होता: बाइंडरनं वाचायचं नाही. "वाचायला लागलं की हात थांबतो," ते म्हणायचे. "शिंप्यानं गिऱ्हाइकाचे कपडे अंगात घालून मिरवायचं नसतं." सोळा पानांचा एक फर्मा, फर्म्यावर फर्मा रचायचा, पानाखालचे आकडे ओळीनं लागले की नाही ते बघायचं आणि शिवायचं. अक्षरांकडे बघायचं कारण नाही. आता ज्या मुलीनं लग्नाआधी वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नव्हता, तिला हा दंडक. उपाशी माणसाला स्वयंपाकघरात नोकरी देऊन तोंडाला पट्टी बांधण्यातलाच प्रकार.

बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी काकूंसमोर दोन पुस्तकं उसवून मांडलेली होती. दोन्हींची कव्हरं गेलेली, नावाची पानं गळालेली. एकाच छापखान्यातली, एकाच मापाची, टाइपही एकच. एक होती दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट आणि दुसरी सर्कशीतल्या हत्तीची. सासरे जेवून मागच्या खोलीत आडवे झालेले. काकूंनी राखणदाराचा पहिला फर्मा सहज म्हणून उचलला आणि मग काही त्या थांबल्या नाहीत. सहा फर्मे संपले. शहाण्णवाव्या पानाच्या तळाशी समुद्रावर वादळ, राखणदार जिन्यात एकटा. 'राखणदारानं वर पाहिलं आणि' इथं पान संपलं, आणि दारात सासरे खाकरले.

काकूंनी हातातले फर्मे समोर दिसेल त्या गठ्ठ्यावर ठेवले, हत्तीचे झाडून बाजूला ठेवलेले पहिले सहा उरलेल्या गठ्ठ्यावर, आणि सुई उचलली. आता अक्षरांकडे बघायची सोय नव्हती, म्हणून आकडे बघितले. शहाण्णव, सत्त्याण्णव. ठीक. दुसऱ्या गठ्ठ्यातही शहाण्णव, सत्त्याण्णव. ठीक. दोन्ही शिवून टाकली, वर पुठ्ठे चढवले आणि पहिल्या पानांवरून नावं ठरवून आपल्या हातानं लेबलं लावली.

सासरे ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "सूनबाई, दोऱ्याला मेण लावलंय ना?" त्यांनी सगळं बघितलेलं होतं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्यांनी दुकानात एक ओळ वाचली नाही. हळूहळू घरातही नाही, कारण दुकान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. राखणदारानं वर पाहिलं आणि पुढे काय, हे मात्र डोक्यातून गेलं नाही. भांडी घासताना आठवायचं. मुलाच्या वेळी कळा सोसताना, सुईण देवाचं नाव घ्या म्हणत असताना, काकूंना राखणदार आठवला होता. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आणि ह्या मंगळवारी भांडं फुटलं. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. आता काकूंची सून शेजारी बसून लेबलं लिहायची आणि हाती येईल ते मोठ्यानं वाचायची. तिला दंडक सांगायचं काकूंच्या जिवावर आलं होतं. शाळेनं पाठवलेल्या गठ्ठ्यात राखणदाराचं पुस्तक होतं, पाठ निखळलेलं.

"आई, हे काय हो? ऐका. 'राखणदारानं वर पाहिलं आणि तंबूत एकच हशा पिकला.' दीपगृहात तंबू कुठनं आला?"

काकूंच्या हातातली खळीची वाटी कलंडली. सुनेनं पुसायला फडकं आणेपर्यंत काकूंना सगळा उलगडा झाला होता. राखणदाराला हत्तीचं धड लागलं होतं आणि हत्तीला राखणदाराचं. हत्ती शाळेच्या कपाटात होता, आणि बत्तीस वर्षं पोरं ते तसलं पुस्तक वाचत होती. आणि शनिवारी शाळेचा वाचनदिन होता, त्यात काकूंचा सत्कार. पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं, भिंतीवर खिळ्याला लावलेलं होतं: चौतीस वर्षांच्या निर्दोष कामाबद्दल.

"सरळ सांगून टाका की, आई," सून म्हणाली. "कोण काय म्हणणार आहे?"

"म्हणणार कुणी नाही. हसतील. आजवर माझ्या कामाला कुणी हसलेलं नाही. पुस्तक फाटलं तर शिवता येतं गं, नाव फाटलं तर कशानं शिवू?"

तेव्हा बेत ठरला तो असा. शनिवारी सगळी पुस्तकं टेबलांवर मांडलेली असणार. हत्ती हळूच पिशवीत टाकायचा, घरी आणून दोन्ही उसवायची, धडं जागच्या जागी लावायची आणि सोमवारी गुपचूप परत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण हत्ती टेबलावर नव्हताच. तो प्रश्नावलीच्या हातात होता, आणि आता तीही पळाली होती.

काकू नाइलाजानं सभागृहाकडे निघाल्या. व्हरांडाभर दोऱ्या बांधून पुस्तकं कपड्यांसारखी वाळत घातली होती. पोरं आवडत्या गोष्टीतली माणसं होऊन आली होती. कुणाला मिशा, कुणाला आजोबांचा कोट. दुसरीतला एक मुलगा स्वतःच पुस्तक झाला होता, पुढे पुठ्ठा, मागे पुठ्ठा, आणि बसता येत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. काकूंनी जाता जाता त्याच्या पाठीची दोरी सैल केली. "पाठ अशी आवळायची नसते रे. पुस्तक उघडलं पाहिजे," त्या म्हणाल्या. तो बसला आणि खूश झाला.

वाचनदिनाला शाळेची घंटा वाजत नसे, ही तिथली जुनी रीत. भाषणं संपली की मुख्याध्यापक नुसता हात वर करायचे आणि अर्धा तास सगळ्यांनी वाचायचं, शिपायापासून पालकांपर्यंत. काकू दर वर्षी यायच्या. त्या अर्ध्या तासात त्यांचं टेबल कोपऱ्यात असे, आणि सगळी शाळा वाचत असताना त्या सुटी पानं शिवत असत. एवढ्या शांततेत फक्त त्यांच्या दोऱ्याचा आवाज.

ह्या वर्षी त्यांना स्टेजवर बसवलं होतं. समोर चारशे पोरं, कडेला पालक, दुसऱ्या रांगेत सून. मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. चव्वेचाळीशीचा गृहस्थ, ह्याच शाळेत शिकलेला.

"काकूंच्या हातून चौतीस वर्षांत काही हजार पुस्तकं गेली," ते म्हणाले. "एक पान इकडचं तिकडे झालं नाही."

पहिल्या रांगेतल्या शिक्षकांनी माना खाली घातल्या. लायब्ररीच्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. खुद्द मुख्याध्यापकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. काकूंना ते सगळं दिसलं. फुलांचा गुच्छ हातात आला, टाळ्या झाल्या, आणि काकूंना वाटलं, त्यापेक्षा जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. आपल्याला समोर बसवून हसताहेत. आजवर जपलं ते नाव असं चव्हाट्यावर.

मग प्रश्नावली आली. माइक तिच्या उंचीचा करेपर्यंत ती हत्तीचं पुस्तक पोटाशी धरून उभी राहिली. मग वाचायला लागली.

पोरगी वाचत होती झकास. सर्कशीचा मुक्काम, उपाशी हत्ती, कंजूष मालक, आणि शेवटच्या खेळाला हत्तीनं ठरवलेलं बंड. पोरं पुढे सरकून बसली. मिशा लावलेल्यांच्या मिशा गळल्या तरी त्यांना पत्ता नव्हता. काकू हातातल्या गुच्छाकडे बघत पानं मोजत होत्या. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. कुठं पान उलटतं ते त्यांना न बघता कळत होतं.

"'मालकानं चाबूक उगारला,'" प्रश्नावलीनं वाचलं. "'तंबूत चिटपाखरू बोलेना. हत्तीनं सोंड उचलली आणि'"

तिनं बोट समोरच्या पानावर नेलं, पण वाचलं नाही. पुस्तकातून डोकं वर काढून समोर बघितलं. आणि चारशे पोरं एका आवाजात म्हणाली, "दिवा विझला."

सभागृह हसण्यानं भरून गेलं. काकू हसल्या नाहीत. त्या सभागृहात ह्या दोन शब्दांची इतकी वर्षं वाट बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या. राखणदारानं वर पाहिलं आणि दिवा विझला. दिवा विझला होता. वादळात, जहाजं दारात आलेली असताना दिवा विझला होता, आणि राखणदार बत्तीस वर्षं जिन्यात तसाच उभा होता. काकूंच्या डोळ्यांना धार लागली.

त्या उठल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. गुच्छ खुर्चीवर ठेवून त्या माइकपाशी गेल्या आणि पिशवीतलं रुमालात गुंडाळलेलं राखणदाराचं पुस्तक त्यांनी बाहेर काढलं.

"मुलांनो, आत्ता हिनं जे वाचलं ते तसं नाहीये," त्या म्हणाल्या. लपवायची इच्छा आता उरली नव्हती. "त्या हत्तीचा शेवट ह्या पुस्तकात आहे. आणि ह्या पुस्तकाचा शेवट त्या हत्तीला लागलाय. छापणाऱ्याची चूक नाही ती. माझी आहे. मी दुकानात चोरून वाचत होते. मामंजी आले, मी घाबरले आणि फर्मे भलत्या गठ्ठ्यावर ठेवले. आकडे जुळले म्हणून शिवले. मला मंगळवारी कळलं. आज मी हे पुस्तक पळवायला आले होते, सत्कार घ्यायला नाही. सरांनी आत्ता सांगितलं ते खोटं आहे. निर्दोष वगैरे काही नाही."

सून उभी राहिली होती.

लायब्ररीच्या बाईंनी रुमाल बाजूला केला. "काकू," त्या म्हणाल्या, "आम्हाला माहीत आहे."

"ते दिसलंच मला."

"नाही, तसं नाही. थांबा." बाई लगबगीनं आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यावर चिकटवलेला कागद पिवळा पडला होता. बाईंनी तो माइकपाशी धरून वाचला. आधीच्या, कधीच्या निवृत्त झालेल्या ग्रंथपालबाईंचं अक्षर होतं. "'हत्तीचं पुस्तक दुरुस्तीला पाठवताना खिशातली पानं काढून ह्या डब्यात ठेवावीत. बाइंडरकाकूंना काही सांगू नये. त्या कामाच्या पक्क्या आहेत, कळलं तर एका दिवसात दुरुस्त करून ठेवतील.'"

"कसली पानं?" काकूंनी विचारलं.

उत्तर द्यायला प्रश्नावली पुढे झाली. उत्तर द्यायची तिची पहिलीच वेळ असावी. "जोडपानं, काकू. हत्तीचं पुस्तक जो नेईल त्यानं एक पान लिहायचं. हत्तीनं सोंड उचलली आणि दीपगृहातला दिवा कसा काय विझला, ते. आणि मागच्या खिशात ठेवायचं. पुस्तक न्यायला नंबर लावावा लागतो. मी तीन महिने थांबले."

मागचा खिसा. शाळेचं कार्ड ठेवायला काकूंनीच चिकटवलेला. दर दोन-तीन वर्षांनी हत्तीचं पुस्तक पाठ फुटून दुकानात यायचं आणि काकू म्हणायच्या, ह्या पुस्तकाला झालंय तरी काय, पोटात वारा धरल्यासारखं फुगतंय.

डबा उघडला. वह्यांची पानं, रेघांची, चौकटींची, शाईची, पेन्सिलीची. बत्तीस वर्षांची पोरं त्यात घड्या घालून ठेवलेली होती. कुणाचा हत्ती पोहत समुद्रात गेला होता. कुणाचा राखणदार सर्कशीतून पळालेला विदूषक होता. एकीनं लिहिलं होतं की दिवा हत्तीनंच विझवला, कारण राखणदाराला झोप मिळत नव्हती.

"माझंही आहे त्यात," मुख्याध्यापक म्हणाले. "सातवीतलं. हत्तीला शिंक आली आणि दिवा विझला. एवढंच. बाईंनी खाली शेरा मारला होता, 'अजून विचार कर.' त्याच्या आधी मी पाठ्यपुस्तकाशिवाय एक ओळ वाचलेली नव्हती, काकू. तो विचार करायला म्हणून मी बाकीची पुस्तकं वाचली. मघाशी मी जे बोललो ते खोटंच होतं, आणि ते आमच्यातल्या निम्म्यांना माहीत होतं. पण तुम्हाला हसत नव्हतो. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत नाही म्हणून आमचं पुस्तक शाबूत राहिलंय."

पालकांमधून एक बाई हात वर करून म्हणाली, "माझंही आहे. निळ्या शाईतलं." मग आणखी एक गृहस्थ उठले. मग कडेची अख्खी रांग. दाढीवाले, चष्मेवाले, कडेवर पोर घेतलेले. शिपायानंसुद्धा दारातून हात वर केला होता.

आणि एवढ्यात पुढेमागे पुठ्ठा लावलेला तो दुसरीतला मुलगा धडपडत उभा राहिला. "काकू, पण तुम्ही आता ते दुरुस्त करणार का? माझा नंबर अजून आलाच नाही."

आता श्वास रोखायची पाळी शाळेची होती. प्रश्नावलीनं पुस्तक परत पोटाशी धरलं.

काकूंनी चष्मा काढून पुसला. हातातल्या राखणदाराकडे बघितलं, मग हत्तीकडे.

"मी शिवलेलं मी उसवत नाही," त्या म्हणाल्या. "उलट तो डबा माझ्याकडे द्या. ही सगळी पानं शिवून देते, जाड पुठ्ठ्यात. आणि शेवटी कोरी पानं घालते, भरपूर. तुझा नंबर येईपर्यंत पुरतील."

त्यानंतर जे झालं त्याला टाळ्या म्हणणं कमीच. पोरांनी पाय आपटले, पुठ्ठेवाल्यानं पुठ्ठे बडवले, सुनेनं तर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की तिची सासू स्टेजवर लाजली. चौतीस वर्षांत काकूंच्या कामाला एवढी दाद मिळाली नव्हती, आणि मिळाली ती एकुलत्या एका चुकीला.

शेवटी मुख्याध्यापकांनी हात वर केला. पाचेक मिनिटांत चारशे पोरं पुस्तकात तोंडं घालून बसली. पालक भिंतीला टेकले. शिपायानं खिडकीतून आपलं जाडजूड पुस्तक काढलं आणि स्टुलावर बैठक मारली.

काकू सवयीनं आपल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेल्या. सुट्या पानांचा ढीग वाट बघत होता. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, सुईत ओवला, आणि पहिलं पुस्तक ओढणार तेवढ्यात समोर हत्ती येऊन पडला, पान सत्त्याण्णव उघडलेलं.

"शिलाई सैल आहे का बघा जरा," प्रश्नावली कुजबुजली आणि शेजारी फतकल मारून आपलं पुस्तक वाचायला लागली.

काकूंनी शिलाईवरून बोट फिरवलं. घट्ट होती. मग त्यांनी पहिली ओळ वाचली, जी त्यांना आता पाठ होती, आणि मग दुसरी, जी नव्हती. राखणदार जिना चढायला लागला. काकूही चढायला लागल्या.

अर्धा तास झाला तेव्हा मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं. मग कोपऱ्याकडे बघितलं. काकूंची अजून दहा-बारा पानं उरली असावीत. सरांनी घड्याळ बांधलेला हात मांडीखाली घेतला आणि आपल्या पुस्तकाचं पान उलटलं. कुणी उठलं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर दोरा ओवलेली सुई तशीच पडून होती.